शेऱ्याचा रकाना

सकाळी सव्वासात

हजेरीपुस्तकात माझी वेळ दहाची आहे, पण पाठपुराव्याचे फोन सव्वासातलाच करावे लागतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बायका या वेळी रात्री वळलेल्या बिड्या मोजून बांधत असतात. थोड्या वेळानं त्या द्यायला कारखान्यात जायचं असतं. नवरे झोपलेले असतात, त्यामुळं फोन बाईच्याच हातात असण्याची शक्यता याच तासाला सगळ्यांत जास्त. नळाला पाणी आलेलं असलं तर मात्र कुणीच उचलत नाही. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, आलं की बाकी सगळं बाजूला.

"समुपदेशन केंद्रातून बोलतेय" असं मी फोनवर कधीच म्हणत नाही. बचत गटाची बाई होते आणि शनिवारच्या मीटिंगला येणार का, असं विचारते. येणार, येणार नाही, हप्ता राहिलाय, या प्रत्येक उत्तराचा अर्थ आम्ही फाइल बंद करतानाच ठरवून घेतलेला असतो. (आमचे खरे शब्द हे नव्हेत. ते इथं लिहिणार नाही. या मजकुरात कुणाचं नावही नाही, आणि वयं, मुलांची संख्या, गल्ल्या मी थोड्या इकडंतिकडं केल्या आहेत.)

आज पाच फोन होते. दोघींच्या फाइल बंद होऊन तीन महिने झालेत, दोघींच्या सहा, एकीचं वर्ष भरलं. तिघींनी उचलला. एकीचा नवऱ्यानं उचलला, त्याला मी गटाच्या हप्त्याची आठवण देऊन ठेवून दिला. वर्ष भरलेलीचा बंद लागला.

बंद फोनचं काय लिहायचं, हे शिकायला मला सात महिने आणि एका बाईचं मनगट लागलं. नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका जोडप्याचा समझोता झाला, दोघांनी पेढे आणले, मी फाइल बंद केली. नंतर दोनदा फोन केला, लागला नाही. रजिस्टरात मी लिहिलं, 'तक्रार नाही'. सगळेच तसं लिहायचे. सात महिन्यांनी ती हाताला प्लास्टर घालून आली. तिला नवा केस नंबर मिळाला. जुन्या नंबरापुढचा 'समझोता' तसाच राहिला, कारण ती तिमाही केव्हाच वर गेलेली होती. आमच्या वार्षिक अहवालात ती बाई एकदा यश म्हणून मोजली गेली आणि एकदा नवी केस म्हणून. दोन्ही आकडे खरे होते आणि दोन्ही वाढल्याबद्दल आमचं कौतुक झालं.

आता मी 'संपर्क नाही' एवढंच लिहिते आणि पुढची तारीख टाकते.

दहा

केंद्राच्या पायरीवर दोघी बसलेल्या. नवी बाई आणि तिची थोरली बहीण. बहिणीनंच सुरुवात केली, "पोलिसात केस नको म्याडम. नुसतं बोलावून समजावून सांगा त्याला."

शंभरातल्या नव्वद जणी असंच म्हणतात, असं लिहिणार होते. पण मी ते मोजलेलं नाही, म्हणून बहुतेक जणी म्हणते. आणि या बहुतेक जणीसुद्धा मुळात थोड्याच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडं तरी मदत मागितल्याचं दिसलं. त्या 'कुणाकडं तरी'मध्येही बहुतांशी माहेरच. तेव्हा आमच्या पायरीवर जी येते ती किती उंबरे ओलांडून येते, ते ध्यानात ठेवून पहिला तासभर मी अर्ज काढत नाही. बहिणीला चहाला पाठवते.

मग काढते कालनिर्णय. गेल्या वर्षीचं आणि या वर्षीचं, दोन्ही टेबलाच्या खणात असतात.

"वर्षभरात किती वेळा मारलं?" या प्रश्नाला उत्तर नसतं. "लई वेळा" किंवा "कधीकधी" एवढंच. दोन्ही शब्दांनी पुढं काही करता येत नाही. पण कालनिर्णय समोर ठेवून "गड्ड्याच्या वेळी घरात कसं होतं?" असं विचारलं की बाई आठवू लागते. गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, संक्रांतीची. मागं मागं जायचं. दिवाळीचा बोनस मिळाला तेव्हा? नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा तू माहेरी होतीस की सासरी? पोराची सहामाही? प्रत्येक खुणेभोवती दिवस गोळा होतात. चौकोनात दुधाचा हिशेब लिहितात तशी मी पेन्सिलीनं फुली मारत जाते. शिवी दिली तर टिंब, हात उचलला तर फुली, दवाखान्यात जावं लागलं तर फुलीला गोल.

ही युक्ती माझी नव्हे. जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन परिचारिका-संशोधक बाईंनी १९८५ च्या सुमारास जिवाचा धोका ओळखण्याची प्रश्नावली तयार केली. तिची सुरुवातच दिनदर्शिकेवर खुणा करण्यानं होते. कालनिर्णय आणि गड्डा तेवढा आमचा.

आज अकरा फुल्या झाल्या. मी काही बोलले नाही, कागद तिच्याकडं फिरवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पगार झाल्यावरच मारायलाय की हा."

खरंच तसं होतं. अकरातल्या आठ फुल्या बिडीचा पगार झाल्यावरच्या दोन दिवसांतल्या होत्या. "दारू प्यायल्यावर मारतो" असं ती आणि बहीण दोघी सांगत होत्या. दारू तो रोज पितो. पगार आता तिच्या बँक खात्यावर जमा होतो, पण एटीएम कार्ड त्याच्या खिशात असतं आणि कमी पैसे निघाले की हिशेब तिच्या पाठीवर होतो. काढून टाकलेल्या बिड्या, ज्यांना इथं छाट म्हणतात, त्या जास्त निघाल्या की पगार कमी. म्हणजे बिडी कारखान्याच्या ब्रँचमधला कारकून किती छाट काढतो, त्यावर हिचा महिना कसा जाणार ते ठरतं. समुपदेशनाच्या कुठल्याही पुस्तकात ही ओळ मला सापडली नसती.

कालनिर्णयाचा दुसरा उपयोग माझ्यासाठी आहे. बाई आमच्याकडं येते ती तिच्या सगळ्यांत वाईट दिवशी. ताप १०४ वर गेल्यावरच माणूस डॉक्टरकडं धावतो, दुसऱ्या दिवशी तो आपसूकही थोडा उतरणारच असतो आणि श्रेय मात्र गोळीला मिळतं. पहिल्या भेटीचा दिवस हाच 'आधीचा' दिवस धरला, तर महिन्याभरानं आमची प्रत्येक केस सुधारलेली दिसेल, आम्ही नुसती खुर्चीवर बसून राहिलो तरी. म्हणून आधीचं मोजायचं तर निदान मागचे काही महिने मोजायचे.

मग धोक्याचे प्रश्न. मारणं वर्षभरात वाढलंय का? घरात कोयता, हत्यार? मारून टाकीन म्हणालाय? तुला स्वतःला वाटतं का, तो मारून टाकू शकेल? आणि शेवटी, बोलता बोलता विचारल्यासारखा, "गळ्याला हात लावला होता का कधी?"

"ते एकदाच. गड्ड्याच्या दिवसांत. रागात होता."

त्यानंतर दोन दिवस आवाज बसला होता, पाणी गिळताना दुखायचं. गळा दाबणाऱ्याच्या हातून पुढं जीव जाण्याचा धोका कितीतरी पटीनं वाढतो, हे या विषयातलं सगळ्यांत पक्कं ज्ञान आहे, आणि बाया ते 'एकदाच' या शब्दाखाली झाकून आणतात. बाकीच्या दहा फुल्यांपेक्षा ही एक जड. इथं बेरीज करून भागत नाही.

आमची रीत अशी की तक्रार आली की नवऱ्याला बोलावण्याचं पत्र जातं. हिच्या नवऱ्याला ते आज जाणार नाही. तिला बहिणीकडं राहायला सांगितलं, डॉक्टरला दाखवायचं ठरवलं, संरक्षण अधिकाऱ्यांना फोन करून कौटुंबिक घटना अहवालासाठी उद्याची वेळ घेतली. "चारशे अठ्ठ्याण्णव लावणार का?" बहिणीनं घाबरून विचारलं. ते कलम जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ झालंय, पण लोकांच्या तोंडी अजून चारशे अठ्ठ्याण्णवच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नवऱ्याला अटक न करताही घरात राहण्याचा हक्क, संरक्षण आणि खर्च मागता येतो, हे समजावण्यात पाऊण तास गेला. कागद फाइलमध्ये राहिला. असे कागद घरी न्यायचे नसतात.

साडेबारा

तिसऱ्या भेटीची एक बाई. हिच्यासाठी नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतो, आरोग्य केंद्रातही तीच असते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त झाले की डॉक्टरकडं पाठवायचं.

घरात तेलुगू बोलणारी बाई, माझं मराठी, मधून कन्नड आणि दखनी. पहिलाच प्रश्न कामात रस किंवा आनंद वाटत नाही का, असा. "बिडी वळण्यात रस कसला अक्का?" असं म्हणून ती हसली. खरंय. सुपात पानं घेऊन दहा-दहा तास बसणाऱ्या बाईला हा प्रश्न तसाच विचारला, तर सगळं सोलापूर खिन्न ठरेल. मी तो बदलून विचारते. टीव्हीवरची मालिका, शेजारणीशी गप्पा, नातवाला खेळवणं, पूर्वी जे आवडायचं ते आता नको वाटतं का? झोपेचंही तसंच. झोप लागत नाही की झोपायला मिळत नाही, हे दोन वेगळे आजार आहेत, आणि दुसऱ्यावर गोळी नसते. प्रश्न बदलले की गुणांची तुलना कच्ची होते, हे मला कळतं. न बदलता विचारले तर मुळात तुलना करण्यासारखं काही हाती येत नाही.

पहिल्या भेटीत हिचे ९ गुण होते, दुसऱ्या भेटीत ११, आज १६. आलेखावर पाहणाऱ्याला वाटेल, या केंद्रात येऊन बाई बिघडायलीय.

नवव्या प्रश्नाला, मरणाच्या विचारांच्या, पहिल्या दोन्ही वेळा तिनं "छे छे" म्हटलं होतं. आज खाली बघून म्हणाली, आठवड्यात दोन-तीनदा येतात. कधीपासून? दोन वर्षांपासून. म्हणजे पहिल्या दिवशीही ते होतेच. तेव्हा मी परकी होते, एवढाच फरक. आज निघालेले १६ हे पहिल्या भेटीतल्या ९ पेक्षा खरे आहेत. मी फाइलवर तसं लिहिलं, तिच्यासमोर बसूनच मानसोपचार विभागात बोलून उद्याची वेळ घेतली, घरात कीटकनाशक किंवा गोळ्या काय काय आहे ते विचारलं आणि रात्री कुणाजवळ झोपायचं ते ठरवलं. तिच्या बहिणीला फोन करायला तिनंच परवानगी दिली.

दीड

ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, ताक. क्षेत्रकार्याला आलेली एमएसडब्ल्यूची मुलगी सकाळपासून गप्प होती. डबा उघडल्यावर म्हणाली, "मॅडम, ९ चे १६ झाले तरी तुम्ही चांगलं म्हणताय. कमी झाले असते तरी चांगलं म्हणाला असता. मग मोजायचं कशाला?"

मुलगी हुशार आहे. या प्रश्नाला चटकन उत्तर देणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही, म्हणून तिला रिचर्ड कॅबट यांची गोष्ट सांगितली.

बोस्टनचे डॉक्टर. १९०५ साली तिथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी रुग्णांच्या घरची परिस्थिती बघायला समाजकार्याची माणसं नेमली. दवाखान्यातल्या समाजसेवेची सुरुवात धरली जाते ती तिथून. त्याच माणसानं पुढं आपल्याच मंडळींना बजावलं की तुमच्या कामाचा उपयोग होतो की नाही, ते मोजून दाखवा. नुसतं बोलले नाहीत. बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरविल इथल्या ५०६ मुलांच्या सारख्यासारख्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला समुपदेशक दिला, दुसऱ्याला नाही. १९३९ साली काम सुरू झालं, त्याच वर्षी कॅबट वारले. घरभेटी, अभ्यासात मदत, उन्हाळी शिबिरं, सरासरी पाच वर्षं चाललं.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी ती मुलं, आता मध्यमवयीन पुरुष, शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी सांगितलं, फार उपयोग झाला. काहींना समुपदेशकाची नावं आठवत होती. मग बाईंनी कोर्टाच्या, दवाखान्यांच्या आणि मृत्यूच्या नोंदी काढल्या. मदत मिळालेला गट मदत न मिळालेल्यांपेक्षा कित्येक बाबतींत वाईट निघाला. दारूचं व्यसन जास्त, पुन्हा गुन्हा जास्त, मृत्यू लवकर. १९७८ साली हे छापून आलं.

"म्हणजे चांगल्या माणसांनी प्रेमानं केलेल्या कामानं नुकसान झालं?"

"झालं असावं. का, त्यावर अजून वाद आहेत. पण दुसरा गट नसता तर कुणाला कळलंच नसतं. सगळे म्हणाले असते, दोन तृतीयांश लोक खूश आहेत."

ती आमच्या दारावर टांगलेल्या अभिप्रायाच्या वहीकडं बघायला लागली. तिच्यात प्रत्येक पानावर 'मॅडम देवासारख्या भेटल्या' आहे. मलाही ते वाचून बरं वाटतं, नाही असं नाही.

भावना मोजता येत नाहीत, माणूस म्हणजे आकडा नव्हे, हे आमच्या क्षेत्रात फार बोललं जातं. मीही बोलले आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. आता ऐकलं की मला ते मनगट आठवतं.

अडीच

संयुक्त बैठक. ही सकाळची बाई नव्हे. गळ्याला हात लावलेल्या नवऱ्याला समोरासमोर बसवून समझोत्याची भाषा करायची नसते, हे तरी आम्ही शिकलोय. या जोडप्यात मारहाण दोनदा, वर्षापूर्वी, आणि बाईला नांदायचंय. नवरा यंत्रमागावर टॉवेल विणतो. सोबत त्याची आई.

आईनं आल्या आल्या सुनेचे दोष वाचले. मावशी, तुमचं सगळं लिहून घेतलंय, असं म्हणून मी वही मिटल्यावर त्या थांबल्या. नवरा म्हणाला, "लिहून देतो म्याडम. इथून पुढं नीट वागीन."

दहा वर्षांपूर्वी हे वाक्य मी स्टँपपेपरवर उतरवलं असतं. 'नीट वागीन', 'त्रास देणार नाही', 'गुण्यागोविंदानं नांदू'. आमच्या जुन्या फाइली या शब्दांनी भरलेल्या आहेत आणि त्यातला एकही शब्द सहा महिन्यांनी तपासता येत नाही. ती म्हणते त्रास दिला, तो म्हणतो नाही दिला, आणि मी दोघांच्या मधे.

म्हणून आता मी विचारते, नीट म्हणजे काय करणार? घरखर्चाला किती, कुठल्या तारखेपर्यंत, कुणाच्या हातात? बरीच ओढाताण होऊन ठरलं की दर महिन्याच्या १० तारखेच्या आत ४,००० रुपये तिच्या खात्यावर. तिचा मोबाइल तिच्याजवळ राहील, तपासायचा नाही. आधार कार्ड आणि रेशनकार्ड कपाटाच्या ज्या कप्प्यात आहेत त्याची किल्ली तिच्याकडं. महिन्यातून एकदा माहेरी, सोबत मुलं, परतायचा दिवस ती ठरवील. हात उचलला तर बैठक नाही, सरळ अर्ज. पासबुक छापून घेतलं की पहिलं कलम पाळलं की नाही ते दिसतं, त्यात कुणाच्या मताचा प्रश्न नाही.

माहेरच्या कलमावर सासूबाई अडून बसल्या. पैशावर नाही, मोबाइलवर नाही, त्यावर. सुनेनं मान वर केली नाही, पण हळूच म्हणाली, "हे पाहिजेच." पहिल्या भेटीत ही बाई बहिणीच्या पदराआडून बोलायची. हे कुठल्याच पट्टीवर नव्हतं, म्हणून मी समासात लिहिलं. अडुसष्ट मिनिटं चालली बैठक. सह्या झाल्या. पेढे कुणी आणले नव्हते.

साडेचार

अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीला. गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची बिडी कामगार वसाहत, रांगाच रांगा. रिक्षावाल्याला घर नंबर सांगावा लागत नाही, दारात सूप घेऊन बसलेली कुठलीही बाई बोट करते.

हिची फाइल आठ महिन्यांपूर्वीची. हिचं घर हिच्या नावावर आहे, कारण कामगार म्हणून नोंद हिची. यावर मी मुद्दाम बोट ठेवते. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पाहणी केली होती, २००५ साली ती छापून आली. ज्या बायकांच्या नावावर जमीनही नव्हती आणि घरही नव्हतं त्यांच्यापैकी ४९ टक्के बायकांनी मारहाण सोसलेली होती. नुसती जमीन असलेल्या १८ टक्के, नुसतं घर असलेल्या १० टक्के, दोन्ही असलेल्या ७ टक्के. केरळ म्हणजे सोलापूर नव्हे, आणि घर नावावर असणाऱ्या बाईचं बाकीचंही काही वेगळं असू शकतं. तरी नव्या फाइलवर 'घर कुणाच्या नावावर' हा प्रश्न मी 'लग्नाला किती वर्षं' याच्या आधी विचारते.

हिच्याबरोबर आम्ही पायऱ्या ठरवल्या होत्या. किरेसुक आणि शर्मन या दोघांनी १९६८ साली मानसिक आरोग्य केंद्रांसाठी ही पद्धत मांडली. प्रत्येक माणसाचं उद्दिष्ट वेगळं, पण पायऱ्या पाच. मधली शून्य, म्हणजे ठरलेल्या मुदतीत जेवढं व्हावं असं दोघांना वाटतं तेवढं. खाली उणे एक, उणे दोन, वर अधिक एक, अधिक दोन. पट्टी सगळ्यांना एकच, तिच्यावर लिहिलेलं ज्याचं त्याचं.

पहिल्या दिवशी तिला विचारलं होतं, काय व्हायला पाहिजे? "त्यानं दारू सोडावी." मी म्हटलं, ही पायरी त्याची झाली, तुझी सांग. आठवडाभर तिनं विचार केला आणि सांगितलं, "दार आतून बंद करून झोपायचंय." घर तिच्या नावावर, पण आतली कडी त्यानं उपटून टाकलेली, रात्री कधीही येता यावं म्हणून. मग पायऱ्या झाल्या. उणे दोन, दाराला कडीच नाही. उणे एक, कडी बसवली पण लावायची भीती. शून्य, तो पिऊन आला त्या रात्री कडी लावली. अधिक एक, पिऊन आला तर रात्री बाहेर, हे तो मान्य करतो. अधिक दोन म्हणजे काय, ते तिला तेव्हा सुचलंच नव्हतं. "ते नंतर बघू" असं मी तिच्याच शब्दांत लिहून ठेवलं.

आज चहा ठेवता ठेवता तिनं दाराकडं हनुवटीनं खूण केली. जाडजूड नवी कडी, सुतारानं पाचर मारून बसवलेली. गेल्या महिन्यात तीनदा लावली. तो दोनदा बाहेर ओट्यावर झोपला, एकदा भावाकडं गेला. सकाळी काही बोलला नाही. मी मनात अधिक एक टाकून मोकळी झाले होते.

"शून्यच लिहा," ती म्हणाली. "त्यानं मान्य नाही केलं. थंडी होती म्हणून दार वाजवत बसला नाही."

मी खोडून शून्य लिहिलं. मग ती म्हणाली, "आन् आता ती कडीची पायरी नको. ती झाली." हात पुसून समोर बसली. तिला नवी पाहिजे होती. पोरगी नववीत आहे, तिला बिडीच्या सुपापाशी बसवायचं नाही, दहावीपर्यंत तरी. आता संध्याकाळी दोन तास बसते. उणे दोनला काय, शून्याला काय, ते तिनं भराभर सांगितलं, मला विचार करायलाही वेळ दिला नाही. अधिक दोनची पायरी या वेळी सगळ्यांत आधी सांगितली. नर्सिंग.

पोरगी कोपऱ्यात सूप घेऊन बसली होती. तिनं मान वर करून आईकडं पाहिलं आणि पुन्हा वळायला लागली.

सव्वासहा

केंद्रात परत. मासिक अहवाल संगणकावर भरायचा शेवटचा दिवस. निकालाच्या रकान्यात बाण दाबला की यादी उघडते. समझोता, कायदेशीर कार्यवाही, इतर सेवेकडं पाठवले, तक्रार मागे, बंद. यादी एकच निवडू देते.

भरत असतानाच निधी देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयातून फोन. या तिमाहीत समझोत्याचं प्रमाण कमी दिसतंय, काही अडचण? मी म्हटलं, गळा दाबल्याच्या केसेसमध्ये आम्ही बैठक घेणं बंद केलंय, म्हणून कमी. पलीकडून समजूतदारपणे उत्तर आलं, "ते बरोबरच आहे मॅडम, पण तेवढं टार्गेट बघा." डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञानं सत्तरच्या दशकात लिहून ठेवलंय की एखाद्या आकड्यावर निर्णय घ्यायला लागलो की तो आकडा नासायला लागतो आणि ज्याच्यासाठी तो मोजत होतो तेही. फोनवरच्या मुलाला हे सांगण्यात अर्थ नव्हता. त्यालाही वरून कुणीतरी विचारलेलं असणार.

दुपारच्या जोडप्यापुढं 'समझोता' टाकला. सकाळच्या बाईपुढं 'कायदेशीर कार्यवाही', जी अजून झालेली नाही. सोळा गुणांच्या बाईपुढं 'इतर सेवेकडं पाठवले'. मग कुंभारी. तिची फाइल बंदही नाही, समझोताही नाही, तक्रार तिनं मागे घेतलेली नाही. शेवटी शेऱ्याचा रकाना राहतो, तिथं टाइप करायला लागले. 'दार आतून बंद करून झोपते. शून्य पायरी स्वतः ठरवली. मुलीच्या शिक्षणाचे नवे उद्दिष्ट ति'. पुढचं अक्षर उमटेना. रकाना भरला होता.

सगळं खोडून लिहिलं, 'घरभेट दिली. प्रगती समाधानकारक.' मावलं.

क्षेत्रकार्याची मुलगी निघताना माझ्यामागं उभी राहून बघत होती. "मग ते कुठं लिहायचं?" मी खणातून दोनशेपानी वही काढून तिच्याकडं दिली. आठ वर्षांची ही तिसरी वही. कडीची हकीकत, शून्याचा तिचा हट्ट, नव्या पाच पायऱ्या, सगळं तिनंच लिहून काढलं, मी सांगत गेले. नर्सिंगच्या पुढं तिनं कंसात 'मुलीला विचारलेले नाही' असं लिहिलं. मला ते सुचलं नव्हतं.

उद्याच्या सव्वासातच्या यादीत चार नावं आहेत. सकाळचा बंद लागलेला नंबर पाचवा लिहून ठेवला.